देवळालीचा झेंडू आणि आक्कांचा अंबाडा

देवळाली कॅम्पात माजी सैनिकांचा सत्कार आहे, वीरपत्नीने अवश्य यावे, असं थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आमच्या आक्कांना, बोलावणं आलं. आमचे मोठे भाऊजी एकाहत्तरच्या लढाईत गेले. तेव्हापासून आक्का आमच्यातच. त्यांना 'अवश्य' कुणी कधी बोलावलेलं नाही, म्हणून त्यांनी ठेवणीतली साडी काढली.

जाणाऱ्यांनी पंचवटीहून नाशिकरोडपर्यंत सिटी बस धरावी, तिथून दुसरी. रिक्षावाला सरळ नेतो म्हणेल, पण तेवढ्यात आठवड्याची भाजी येते. आम्ही रामाचं दर्शन घेतलं, दशम्या बांधल्या आणि निघालो. कॅम्पातले रस्ते रुंद, झाडांना चुना, कागदाचा कपटा नाही. लष्कराने आमची गल्लीही ताब्यात घ्यावी.

मंडपाच्या दारात नवी प्रथा. परदेशात म्हणे शहिदांसाठी छातीवर लाल फूल लावतात. आपल्याकडे झेंडू. दसऱ्याला स्कूटरला घालतो तोच. एक पैठणीवाली तबक घेऊन सगळ्यांना फुलं टाचत होती. मलाही टाचलं. देशासाठी मी रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेय, तेवढंच. आक्कांचं कपाळ बघून मात्र तिचा हात थांबला.

"मावशी, तुम्हाला राहू द्या. गैरसमज नको हं, पण शुभकार्य आहे."

मी देवाधर्माची बाई, चतुर्थी मोडत नाही. पण ज्याच्या नावाचं फूल, ते त्याच्याच बायकोला वर्ज्य? आक्का मुकाट्याने मागच्या खुर्चीत बसल्या. व्यासपीठावर पाहुणे 'जुन्या रूढी मोडा' या विषयावर पाऊण तास बोलले. टाळ्या पैठणीवालीच्या जास्त.

आक्कांच्या शेजारी काठी टेकून एक निवृत्त हवालदार बसले होते.

"वहिनी, फूल नाय का?"

"मला चालत नाही म्हणे."

"आन् मला चालतं व्हय? मी तर जित्ता परत आलो."

त्यांनी आपलं फूल सोडवून पुढे केलं. आक्कांनी ते घेतलं, क्षणभर बघितलं आणि सरळ अंबाड्यात खोचलं.

पैठणीवाली धावत आली. "अहो मावशी, केसात?"

"पिनेने साडी फाटते," आक्का म्हणाल्या. "ठेवणीतली आहे."

मी वर पाहिलं. आभाळ जागेवर होतं. मंडप जरा कलला होता, पण तो आधीपासूनच.

परतीच्या बसमध्ये बायका वळून वळून बघत होत्या. आक्कांची नजर खिडकीबाहेर. घर येईपर्यंत फूल त्यांनी काढलं नाही.

आमच्याकडे संक्रांतीला हळदीकुंकू असतं. बाहेर आम्ही फुलं वाटतो, आक्का आत चहा करतात. यंदा त्यांना बाहेर बसवायचं, असं मी सासूबाईंना सांगून टाकलं. आता धर्म बुडाल्याचं ऐकावं लागणार, म्हणून पदर खोचून उभी राहिले.

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "अगं, पण चहा कोण करणार?"