छपाई चालू असताना वाजलेली बेल

मार्च १९८८, शुक्रवार. मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात बसून मी पिंपांच्या लेबलांवरची वजनं काटेवाल्याच्या वहीशी ताडून पाहत होते. अकरा पिंपांची वजनं एकेक घर सरकली होती. गिऱ्हाइकाने ट्रक परत पाठवला होता आणि मॅनेजरने कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ऑपरेटरबाईंना सोमवारपासून पॅकिंगला टाकायचं ठरवलं होतं. बाई नाहूरहून यायच्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. पॅकिंगमध्ये दिवसभर उभं राहावं लागे आणि त्यांचा डावा गुडघा कामातून गेलेला.

कारखान्याचा जुना कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. त्यावरचा प्रोग्रॅम लिहिणारा परदेशी गेला होता, मागे कागद काही ठेवले नव्हते. म्हणून अंधेरीच्या आमच्या कंपनीने नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावलं. जुन्या प्रोग्रॅमला वाटावं, आपण आपल्याच घरात आहोत. ऑफिसात त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायचे. बाहेरून येणारे इशारे, म्हणजे इंटरप्ट, झेलण्याचा भाग माझ्याकडे होता. मी त्यांना बेल म्हणायचे. काटेवाल्याने बटण दाबलं की बेल वाजणार, प्रोग्रॅमने हातातलं काम थांबवून वजन घ्यायचं, मग पुन्हा कामाला लागायचं.

काटा भिंतीपलीकडे होता. बाई यादीवर नजर ठेवून पिंपांचे नंबर पुढे पुढे टाइप करत जायच्या; काट्यावरून आलेलं वजन आपोआप नंबराला जोडलं जायचं. जुन्या मशीनवर नऊ वर्षं त्यांनी तसंच केलं होतं.

“लेबल छापताना काट्यावर बटण दाबलं ना ताई, की ते वजन तुमचं मशीन खातंय,” त्या मला म्हणाल्या. “जुनं नव्हतं खात.”

मॅनेजर तिथेच होता. मशीन खात नाही, बाईंचंच लक्ष गावाला गेलं असेल, असं म्हणून तो हसला. मी हसले नाही. माझ्या प्रोग्रॅमची छापील यादी उघडली आणि तासाभरात ती ओळ सापडली.

लेबल छापायला घेताना जुना प्रोग्रॅम दार लावून घ्यायचा. तेवढा वेळ कोणाची बेल ऐकायची नाही. मी लिहिलं होतं, दार बंद असेल तर बेल सोडून द्या. कोणी उघडलं नाही तर आलेला माणूस परत जातो, एवढाच माझा हिशेब. जुन्या मशीनमध्ये मात्र दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट हलतच नसणार. म्हणून तिथे वजन उशिरा पोचायचं, पण पोचायचं. माझ्याकडे ते हरवलं, आणि पुढच्या पिंपाचं वजन मागच्याच्या नावावर चढलं.

दुरुस्ती तीन ओळींची होती. पण खात्री करायला जुनं मशीन हवं, आणि ते मागच्याच महिन्यात कुर्ल्याच्या भंगारवाल्याने नेलं होतं. मॅनेजर म्हणाला, मार्चअखेर होईपर्यंत चालू मशीनला कोणी हात लावायचा नाही. चूक माझी आहे हे मी त्याला दोनदा सांगितलं. बदलीची ऑर्डर निघाली आहे, वर गेली आहे, असं तोही दोनदा म्हणाला. ऑफिसला फोन केला तर साहेबांनी बजावलं, लेखी काही देऊ नका.

डबा उघडून बसलेल्या बाईंना मी सगळं सांगितलं. बेल, दार, बोट, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे चुकलात तुम्ही आणि उभी राहणार मी,” त्या म्हणाल्या. “बरं आहे ना.”

मग त्यांनी डब्यातला अर्धा घावन माझ्यापुढे केला. मी घेतला. नको म्हणायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न जाता मी घाटकोपरच्या घरून थेट मुलुंडला गेले. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, ऑपरेटरची नाही, असं स्वतःच्या सहीने लिहून ते पत्र कारखान्याच्या आवक खिडकीवर दिलं. क्लार्कने न वाचता शिक्का मारला आणि ढिगाच्या तळाशी सरकवलं. मी ते त्याच्यासमोर काढून सगळ्यात वर ठेवलं. मग काट्याकडे गेले आणि काटेवाल्याला सांगितलं, आत छपाईचा आवाज थांबेपर्यंत बटण दाबू नकोस.

“आवाज भिंतीपलीकडे येत नाही, मॅडम,” तो म्हणाला.

एक लेबल दहा आकडे मोजेपर्यंत छापून व्हायचं. मी पुठ्ठ्याचा एक तुकडा मागून घेतला आणि ‘दहा आकडे मोजून बटण दाबा’ असं लिहून तो बटणाच्या वर चिकटवला.