चिंचोळीच्या पुढचे दोन ब्रेकर

नमस्कार. इथले अनुभव मी वर्षभर वाचतेय, लिहायला मात्र पहिल्यांदाच बसले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण मला असल्या गोष्टी पटतच नाहीत. मी बीदर जिल्ह्यातली. आमच्याकडं भानामतीच्या गोष्टी गल्लोगल्ली — कपड्यांना आपोआप आग, छपरावर दगड, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या. माझे वडील शाळेत मास्तर होते. घर बौद्ध, त्यामुळं देव्हारा नाही आणि देवऋषीही नाही. कुठं भानामती झाली म्हटलं की वडील सायकल काढायचे, त्या घरी जाऊन चहा प्यायचे, दोन-चार तास गप्पा मारायचे आणि दगड मारणारा शोधून परत यायचे. दरवेळी माणूसच निघाला. असल्या बापाची लेक मी. तेव्हा खालचं सगळं तिखटमीठ न लावता लिहितेय. आणि 'ताई, तुमच्यावर कृपा झाली' वगैरे कुणी लिहिलंत तर मला राग येईल... आधीच सांगून ठेवते.

मी सरकारी बसवर कंडक्टर आहे. भालकी–हुमनाबाद, खटकचिंचोळीवरून. माझं सासरही चिंचोळीचंच. अकरा वर्षं ड्रायव्हर एकच, बसप्पा अण्णा. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, पण मला 'अक्का' म्हणतात. कमी बोलणारा माणूस. बोलायची कामं त्यांनी माझ्यावर सोपवलेली.

बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून आमच्या गाडीत मुंगीला जागा नसते. फुकट असला तरी शून्याचं तिकीट प्रत्येकीला काढून द्यावंच लागतं. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात तिकीट... मग धरायचं कशानं? कंडक्टर पायानं धरतो. कुठं वळण, कुठं खड्डा, कुठं पुलाचा सांधा हे डोक्याला आठवावं लागत नाही, तळवे सांगतात. नवीन कंडक्टर पहिला महिनाभर प्रवाशांच्या मांडीवर बसत असतो. मीही बसले होते, एकदा तर चांगल्या मिशाळ फौजदाराच्या.

तर, माझे तळवेच गेले.

मानेत गाठ आली, ती कॅन्सरची निघाली. लिम्फोमा. कलबुर्गीला — आम्ही अजून गुलबर्गाच म्हणतो — एका हॉस्पिटलात केमो सुरू झाली. केस गेले, त्याचं मला फार वाटलं नाही, टोपीखाली काय आहे ते कोण बघतंय. पण शेवटच्या केमोनंतर न्यूमोनिया झाला आणि मी तीन आठवडे आयसीयूत पडून होते. बाहेर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, कॅन्सर गेलाय. मी हसले असेन बहुतेक, मला आठवत नाही. आठवतो तो चमचा. पेजेचा चमचा उचलला तर हात असा थरथरला की सगळी पेज उशीवर. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले.

मग त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. एक लांब हॉल, भिंतीला आरसा, मधे दोन समांतर दांड्या, कोपऱ्यात कुठंच न जाणारा तीन पायऱ्यांचा जिना. फिजिओ नसरीन मॅडम, तिशीची पोरगी, दखनी बोलणारी, आवाज एकदम खणखणीत. आधी पलंगाच्या कडेला बसायला शिकवलं. मग पाण्याची अर्धी बाटली दहा वेळा उचलायला. मग खुर्चीतून उठायला. माझा नवरा गौतम शेती भावावर सोडून माझ्याजवळ राहिला होता. रोजचा व्यायाम तो मोबाईलवर शूट करायचा, कालच्यापेक्षा आज किती हे मॅडमला दाखवायला.

हात सुधारले, मांड्यांत थोडी ताकद आली. तळवे मात्र बधिरच. केमोच्या औषधानं नसांना इजा झालेली. चप्पल पायात आहे की वाटेत राहिली हे खाली बघितल्याशिवाय कळायचं नाही. डोळे उघडे ठेवून दांड्या धरल्या तर उभी. हात सोडले की गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काही न धरता उभं राहता आलं तरच गाडीवर पाठवायचा दाखला मिळेल. नसा सुधारतील किंवा नाही सुधारणार. नाहीच सुधारल्या तर डेपोत खुर्चीत बसून काम. लोक म्हणतील, बाई जगली हे काय कमी आहे? खरं आहे. पण खुर्चीत बसलेली मी मला ओळखू येत नव्हती.

दोन आठवडे रोज पडत होते. म्हणजे नसरीन मॅडम कमरेच्या पट्ट्याला धरून पडू द्यायच्या नाहीत, पण पडणंच ते. एका दुपारी मी गौतमला म्हणाले, "अर्ज लिवा. डेपोत कळवा, गाडीवर येत न्हाई म्हून."

"कामून?"

"उभं ऱ्हायला येईना मला. अजून कामून इचारायलाव?"

त्यानं खिशातलं पेन काढलं, कागदावर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाला, "पेन चालंना गं. उद्या नवं आनतो." दुसऱ्या दिवशीही पेन चालेना. तिसऱ्या दिवशीही. मी चिडले, पण त्या चालू पेनानं त्यानं माझा अर्ज लिहिला नाही तो नाहीच.

त्यानंतरचा सोमवार. सकाळचे पावणेअकरा झाले असतील. मॅडम म्हणाल्या, आज डोळे मिटून उभं राहायचं, हात दांड्यांवर ठेवूनच. मी म्हटलं, उघड्या डोळ्यांनी जमेना, मिटून कसं जमंल?

"अम्मा, डरो नक्को. बेल्ट पकड लेको हूँ मैं. एक मिनट बस."

मी डोळे मिटले. आता जे सांगते ते जसं झालं तसं.

पहिल्यांदा तळव्यांना कंप जाणवला. कित्येक महिन्यांत तळव्यांना काही जाणवलंच नव्हतं, त्यामुळं मी दचकले. उभ्या गाडीचं इंजिन चालू असतं तेव्हा पत्र्यातून येतो तो कंप. मग गाडी निघाल्याचा हलका धक्का, अंग मागं. पहिला गिअर, दुसरा. डावीकडं वळण. मला कळलं, हे चिंचोळीच्या स्टँडमधून बाहेर पडायचं वळण आहे. माझं अंग आपोआप उजवीकडं कललं आणि सरळ झालं. पुढं नाल्याचा पूल, त्याचे दोन सांधे. गुडघे दोनदा वाकले. हे सगळं मी ठरवून करत नव्हते. भीती अजिबात वाटली नाही, उलट इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. हात दांड्यांवरून कधी सुटले ते मला कळलंही नाही.

पुलानंतर सरळ गुळगुळीत रस्ता, थेट फाट्यावरच्या शाळेपर्यंत. त्या रस्त्याला खड्डासुद्धा नाही, मी तिथं सुट्टे पैसे लावून घ्यायची. आणि तिथंच अचानक करकचून ब्रेक लागला. मी पुढं झुकले, पाय घट्ट रोवले, आणि लगेच पाठोपाठ दोन उंच धक्के बसले. मी पडले नाही. पण चिडले! मोठ्यानं म्हणाले, "आता हितं ब्रेकर कवा केले?"

मग सगळं थांबलं. तळवे पुन्हा बधिर. डोळे उघडले तर आरशात मी, हात दोन्ही बाजूंना मोकळे, आणि नसरीन मॅडम पट्टा सोडून दोन पावलं मागं उभ्या. गौतम मोबाईल धरून रडत होता. व्हिडिओ आहे आमच्याकडं. चार मिनिटं आणि काही सेकंद, वेळ दहा एकावन्न. त्यात मी झुलतेय, वाकतेय, आणि तो ब्रेकरचा वैतागही स्पष्ट ऐकू येतो.

मॅडमनी समजावलं की अंगाला सवयीची आठवण असते, मेंदूनं ती वापरली. मला पटलं. गौतम म्हणाला, "तुजं मन गाडीतच हाय, दुसरं काय." तेही पटलं. तसं पुन्हा कधीच झालं नाही. पण त्या दिवसानंतर उभं राहायची भीती मेली. पुढचे पाच आठवडे घाम गाळला. आधी दहा सेकंद, मग मिनिट, मग चालत दारापर्यंत. तळव्यांना हळूहळू गार-गरम कळायला लागलं. यात चमत्कार काही नाही, नसरीन मॅडमची मेहनत आहे, आणि माझाही हट्ट आहे थोडा.

डिस्चार्जच्या दिवशी दीर जीप घेऊन येतो म्हणाले. मी म्हटलं, बसनंच जाणार. हुमनाबादला उतरलो तर समोर आमचीच गाडी लागलेली. बसप्पा अण्णा स्टिअरिंगवरून उतरले, मला बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. मला दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसवलं.

फाट्यावरची शाळा जवळ आली तसे अण्णांनी ब्रेक लावले. गाडी हळू झाली. एक धक्का, पाठोपाठ दुसरा. पांढरे पट्टे मारलेले दोन ब्रेकर.

गौतमचा दंड मी इतका आवळला की तो ओरडला.

"हे कवा झाले?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मी मधी एकदाच गावाकडं आलतो, तवा तर नव्हते."

चिंचोळीच्या स्टँडला उतरल्यावर मी अण्णांना गाठलं. ते म्हणाले, "तू दवाखान्यात व्हतीस तवा. शाळंची एक पोरगी लॉरीखाली येता येता वाचली. मग गावकऱ्यांनीच एका आयतवारी टाकले. माजी सुट्टी व्हती, मला काय पत्ता न्हाई. सोमवारी सकाळच्या टायमाला भरधाव गेलो आन् ऐनवेळी दिसले. असा ब्रेक हाणला की बदली कंडक्टरचा व्हट फुटला दांडीवर."

"कोनता सोमवार, अण्णा?"

त्यांनी बोटं मोजली, गावच्या बाजाराचा हिशेब लावला. तोच सोमवार. चिंचोळीहून ती गाडी पावणेअकराच्या सुमाराला सुटते.

गौतमनं तिथंच उभ्या उभ्या त्यांना व्हिडिओ दाखवला. अण्णांनी तो पूर्ण बघितला. माझं वाक्य आलं तसं त्यांनी मोबाईल परत दिला आणि दुसरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अक्का, एक सांगू का? हसू नको. त्या बदलीवाल्यानं डेपोत माजी तक्रार केली. म्हनला, ह्या ड्रायव्हरच्या डोक्यात फरक पडलाय."

"काय केलं तुमी?"

"वळन आलं, खड्डा आला की मी वरडतो, 'अक्का, संभाळ!' त्या ब्रेकरवर बी तेच वरडलो. आन् मागं व्हता तो मिशीवाला बाप्या."

मला हसू आलं आणि तेव्हाच आठवलं. खरंच की, अण्णा अकरा वर्षं वळणावळणाला हे ओरडत होते. इंजिनाच्या आवाजासारखं ते मला ऐकूच येईनासं झालं होतं. मी म्हटलं, "सवय व्हती तुमाला, अण्णा. त्यात काय?"

"सवय म्हनून पैल्या दिवशी झालं," ते म्हणाले. "मग तू आयशीयूत हाईस म्हून कळलं. तवापासनं मुद्दाम वरडायलो. प्रत्येक टिरपला. तू पडू नये म्हून."

गौतमनं पिशवी उचलली.

तर हा अनुभव. वडील असते तर सायकल काढून अण्णांच्या घरी गेले असते, चहा प्यायले असते, आणि यावेळी काय शोधून परत आले असते, मला माहीत नाही. उभं राहणं अंगाच्या आठवणीनं जमलं, मान्य. पण जे ब्रेकर आदल्या दिवशीच झाले, त्यांची आठवण माझ्या पायांना कुठून असणार? कुणी मला सांगितलं नव्हतं, सांगणाऱ्या ड्रायव्हरलाच माहीत नव्हतं. आणि कलबुर्गीच्या त्या हॉलपासून हा फाटा गाडीनं दोन-अडीच तासांवर. योगायोग म्हणून बघितलं, भास म्हणून बघितलं... बसत नाही. मी त्याला नाव देत नाही. न कळलेलं न कळलेलंच राहू दे.

चार महिन्यांनी दाखला मिळाला. आता पुन्हा त्याच गाडीवर आहे, एका हातात मशीन, दुसऱ्या हातात तिकीट. अण्णा वळणाला ओरडतात, "अक्का, संभाळ!" अकरा वर्षांत मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं. आता भरल्या गाडीतून, बायकांच्या डोक्यांवरून मोठ्यानं देते, "उभी हाय, अण्णा!" प्रवासी हसतात. हसू देत.