गोळी न विकणारे घरमालक

बंदुकीची गोळी विकण्यापेक्षा ती न विकण्यात ज्याला परमानंद होतो असा बंदूकवाला जगात एकच होऊन गेला, आणि जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये मी चार वर्षं त्याच्याच माडीवर भाड्याने राहत होतो. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी तिथे धातुशास्त्रात डॉक्टरेट करायला गेलेलो. घरमालकांनी दुकान जावयावर सोपवलं होतं, पण गोळ्यांचा कारभार काही हातचा सोडला नव्हता. आसपासचे शिकारी रायफल कुठूनही घेत, गोळीचं मात्र आमच्या घरमालकांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. आणि हे विचारणं म्हणजे! आपल्याकडे मुलीचा बाप स्थळाची चौकशी करतो ना, ती परवडली. जनावर कोणतं? किती लांबून? कुठल्या रानात? झाडी की मोकळं? आणि जनावराच्या मागे काय आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता आलं नाही, तो कॉफी पिऊन रिकाम्या हाताने घरी.

एकदा एक गबर कारखानदार नवीकोरी मॅग्नम रायफल मिरवत आला. हरणासाठी सगळ्यात जोरदार गोळी द्या, म्हणाला. घरमालकांनी त्याला खुर्ची दिली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "आल्झो, तर मग, हरीण खायचंय की नाहीसं करायचंय?" तासाभराने तो गृहस्थ एकही गोळी न घेता, वर त्यांचे आभार मानून गेला. जावई बिचारा कपाळाला हात लावून बसला होता.

त्यांचं शास्त्र तसं साधं होतं. मऊ शिशाची गोळी अंगात शिरली की फुलते आणि आतच थांबते. कडक शिशाची आरपार जाते, मग पलीकडे जो उभा असेल त्याचं नशीब. पण हे तोंडी सांगून भागवतील तर ते घरमालक कसले! ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून ते त्यांत गोळ्या झाडत, मग एकेक पान उलटत गोळी कुठवर गेली ते मोजत. माझ्या आईने बेसनाचे लाडू ज्यांत बांधून पाठवले होते ते मराठी पेपरही त्यांनी सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी गंभीरपणे मला म्हणाले, "हेर डॉक्टर, तुमचा पेपर आमच्यापेक्षा चिवट आहे. गोळी चार पानं आधी थांबली." (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. मला डॉक्टर व्हायला अजून तीन वर्षं होती, पण हे त्यांना कोण सांगणार?) अशा फुललेल्या, चपटलेल्या गोळ्या ते कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यांत ठेवत. खऱ्या बिस्किटांचा डबा कोणता, हे त्या घरात फक्त आजीबाईंना, म्हणजे घरमालकीणबाईंना, ठाऊक होतं.

हे चौकशीचं वेड गोळ्यांपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते बटाटे घ्यायला गेले की बाजार थांबायचा. मी पहिल्या हिवाळ्यात कोट घ्यायला निघालो तर दारात आडवे. "चालत जाणार की ट्रामची वाट बघत उभे राहणार? किती मिनिटं? वारा समोरून की पाठीमागून?" मी चिडलो, पण कोट त्यांनी सांगितला तोच घेतला, आणि चारही हिवाळे त्यानेच मला वाचवलं, हे कबूल करायलाच हवं.

हळूहळू शनिवारी मी त्यांच्या हाताखाली बसू लागलो. ते शिसं ओतून गोळ्या करत, काडतुसं भरत, मी तोलून खोक्यांत लावी आणि वर चिठ्ठ्या चिकटवी. एका वनरक्षकाकडे अमेरिकन मॅग्नम रिव्हॉल्वर होतं. जखमी होऊन पळालेलं रानडुक्कर त्याची कुत्री हुडकून काढायची आणि धरून ठेवायची, मग तो जवळ जाऊन शेवटची गोळी घालायचा. गोळी अर्थातच मऊ हवी, कारण डुकराच्या पलीकडे त्याची स्वतःची कुत्री. तो शनिवारी संध्याकाळी खोकं घेऊन गेला.

रविवारी सकाळी मी टेबल आवरत होतो. 'कडक' म्हणून बाजूला ठेवलेल्यांतली एक गोळी सहज नखाने दाबली, तर नख रुतलं! शनिवारी आजीबाईंचा प्लमचा केक समोर आला आणि त्या घाईत मी चिठ्ठ्यांची अदलाबदल करून ठेवली होती. वनरक्षकाच्या खोक्यात कडक गोळ्या गेल्या होत्या. अहो, धातुशास्त्राचा विद्यार्थी मी, आणि शिसं ओळखता येऊ नये!

घरमालक दाढी करत होते. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, तोंड अर्धवट पुसलं आणि आपली तीन चाकांची इवलीशी मोटार काढली. वनरक्षक कुठल्या वाटेने जाणार हे त्यांना पक्कं माहीत होतं, चौकशी केल्याशिवाय गोळी देण्याचा रिवाजच नव्हता ना. पुढचा अर्धा तास मी ज्या ज्या देवांची नावं आठवली ती घेतली. मोटार थांबली तेव्हा लांबून भुंकणं ऐकू येत होतं. सत्तरीचा तो माणूस, गालावर अर्धा साबण, हाका मारत चिखलातून धावत सुटला आणि त्याच्या मागे मी. वनरक्षक रिव्हॉल्वर हातात घेऊन झुडपाच्या तोंडाशी पोचला होता.

"थांब! गोळ्या चुकीच्या आहेत," घरमालक धापा टाकत म्हणाले. "चूक माझी."

मी तोंड उघडलं, पण माझं सगळं जर्मन आटलं होतं. वनरक्षकाने घरमालकांच्या खिशातली काडतुसं भरून घेतली, आत गेला, एक बार ऐकू आला. बाहेर आला तेव्हा दोन्ही कुत्री शेपट्या हलवत बरोबर होती. त्याने त्यांना कुरवाळलं आणि घरमालकांकडे न बघता म्हणाला, "आता वय झालं तुमचं. बंद करा हे."

पन्नास वर्षं ज्यांनी एकही चुकीची गोळी दिली नाही त्यांना हे ऐकावं लागलं, आणि त्यांनी मान डोलावून "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हटलं. परतताना मी विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, "माझं नाव वापरून झालंय, हेर डॉक्टर. तुमचं अजून कोरं आहे." पुढच्या शनिवारी काडतुसं आणि चिठ्ठ्या पुन्हा माझ्याच पुढ्यात होत्या. वनरक्षक मात्र त्यानंतर आला नाही.

डॉक्टरेट मिळाली, निघायचा दिवस ठरला. चूक माझी होती, हे एक वाक्य माझं सांगायचं राहिलंच होतं. शेवटी आदल्या दिवशी मी वनरक्षकाच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तो टोपी घालून तसाच माझ्याबरोबर निघाला. आमच्या दारात उभा राहून त्याने घरमालकांची माफी मागितली.

आणि घरमालक माझ्यावर असे भडकले म्हणता! चार वर्षांत पहिल्यांदाच. "कुणी सांगितली होती नसती उठाठेव?" सबंध संध्याकाळ माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी स्टेशनवर आले ते सुद्धा फुरंगटूनच. गाडी हलली तरी माझा हात मात्र सोडेनात. फलाटाच्या टोकापर्यंत तसेच चालत आले. पुढे माझ्यावर खूप लोक रागावले, काही हक्काने, काही उगाच, पण इतक्या मायेने पुन्हा कुणी रागावलं नाही.