गिअर म्हणालीस, गिअर दिला

गिऱ्हाईक टेबलापाशी आलं की तो आधी काही बोलायचाच नाही. मागच्या ढिगातलं एक हेल्मेट उचलायचा, न विचारता समोरच्याच्या डोक्यात घालायचा आणि बोटं मुडपून वरून टकटक वाजवायचा. "वाजवून घे. आवाज बघ कसा हाय." आतल्या माणसाला त्या टकटकीशिवाय दुसरं काही ऐकूच यायचं नाही. तो बिचारा मान डोलवायचा. मान डोलली की हेल्मेट विकलं गेलं.

असा एक माणूस तुमच्याही गावात असणार. आमचा नारपोलीत झेरॉक्सच्या दुकानाबाहेर छत्री लावून बसायचा. त्याचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? छत्रीच्या दांड्याला बोर्ड टांगलेला होता. लायसन, इन्शुरन्स, हेल्मेट, रायडिंग गिअर. तोंडात एकच वाक्य. "घरी जा. काम झाला समज."

मला हा माणूस पहिल्यापासून आवडला नाही. गोड बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि हा तर बोलताना समोरच्याच्या पर्सकडे बघायचा. तरी गेले, कारण गरज माझी होती. आमच्या ह्यांची कंबर धरली होती. कापडाच्या लूमवर उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ह्यांची बाईक दारात कापड घालून उभी. मी मानकोलीच्या गोडाऊनला पॅकिंगला जायचे, पण त्या पगारात घर चालेना. तिथेच पार्सल वाटणाऱ्या एका कंपनीत बायकांनाही घेत होते. गाडी आपली हवी, लायसन हवं. बाईक मी राहनाळला माहेरी असल्यापासून चालवते, गावातल्या गावात, तिथे लायसन कोण विचारतंय? फोनवरचा कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, लवकर या, जागा भरत आल्यात. आणि गिअर मस्ट आहे हां."

मी हे शब्द जसेच्या तसे त्या छत्रीखाली नेऊन ठेवले. "काका, कंपनीवाले म्हणाले, गिअर पाहिजेच."

त्याचे डोळे असे चमकले की काय सांगू. "गिअर पायजे? मंग देतो ना बाय!"

आणि त्याने ढीग उपसायला सुरुवात केली. हेल्मेट झालं. टकटक झाली. मग जाकीट, हातमोजे, गुडघ्याला बांधायच्या प्लास्टिकच्या वाट्या. मी म्हटलं, "एवढं लागतं?" तर म्हणतो, "कंपनीवाले असंच घेत न्हाय. कडक असतात." लायसनची सरकारी फी थोडीच असते हे मला फार नंतर कळलं. तिच्यावर त्याची फी, त्याच्या फीवर चहापाणी, आणि ते चहापाणी त्याच्याच पोटात जात असणार. वर हा सगळा संसार. मी भिशीचा नंबर अगोदर मागून घेतला होता, तो तिथेच संपला.

टेस्टच्या दिवशी तो मैदानावर स्कूटी घेऊन आला. मी विचारलं, "काका, बाईक नाही?"

"टेस्टला काय पन चालते. काम झाला समज."

चालवली स्कूटी. पास झाले. कार्ड आलं. कार्डावर इंग्रजी अक्षरं एकाला एक चिकटवून लिहिलेली असतात, ती कोण वाचतं? माझा फोटो बरा आला होता, मी तेवढाच बघितला.

मग मानकोलीला गेले. ऐन उन्हात, अंगावर जाकीट, हातात मोजे, गुडघ्याला वाट्या, डोक्यात हेल्मेट. गोडाऊनमधल्या माझ्या मैत्रिणी दारातून बघत होत्या. इन्चार्जने कार्ड उलटसुलट केलं आणि हसायलाच लागला. "मॅडम, गिअर तो पूरा अंगावर घालून आलाय. लायसनवर किधर है? हे विदाऊट गिअर आहे. याच्यावर स्कूटी चालेल, बाईक नाय." आजूबाजूची पोरंही हसली. मी मोजे काढले, पण वाट्यांचे पट्टे लवकर सुटेनात.

तशीच छत्रीपाशी गेले. तो कुणाच्या तरी डोक्यावर टकटक करत होता. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवून ऐकलं. याचा चेहरा मात्र ढिम्म.

"गिअर म्हणालीस, गिअर दिला. माझा काय चुकला?"

"मी लायसनचं बोलत होते!"

"अगो बाय, बायका स्कूटीच चालवतात. तुझ्या चांगल्यासाठीच केला मी."

सामान परत घे म्हटलं, तर "घातलेला माल घेत न्हाय." आणि लगेच, "विथ गिअरचा पन करून देतो. तुला म्हणून अर्ध्यात." त्या क्षणी त्याचं टेबल उलटं करावंसं वाटलं होतं. केलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मी सगळं स्वतः केलं. पुन्हा लर्निंग, पुन्हा वाट बघणं. राहनाळच्या गोडाऊनमागच्या मोकळ्या जागेत खडूने आठचा आकडा काढला आणि पाय न टेकवता त्याच्यावरून बाईक फिरवली. आमचे हे दगडावर बसून, कंबर धरून ओरडायचे, "क्लच! क्लच!" तोवर मानकोलीची ती भरती संपली होती. पुढची निघेपर्यंत आम्ही कसं काढलं ते आमचं आम्हाला ठाऊक. आणि टेस्टला पास होऊन मैदानाबाहेर आले, तर हा तिथे चार गिऱ्हाइकं घेऊन उभा. माझ्याकडे बोट दाखवून सांगतोय, "बघा, ही माझीच कस्टमर!"

हेल्मेटचं तर विचारूच नका. ओल्या फडक्याने पुसायला घेतलं, तर आयएसआय मार्कचं स्टिकर फडक्याला चिकटून आलं. पुढे एकदा पट्ट्याचं बक्कल हातातच राहिलं. पहिल्या पगारातून मी आधी दुकानात जाऊन खरं हेल्मेट आणलं.

इतकं होऊनही मनात कुठेतरी होतं की माणूस अडाणी असेल. जो माल मिळतो तो विकत असेल, त्याला तरी काय कळतंय?

मग एकदा काल्हेरला एका बिल्डिंगमध्ये पार्सल द्यायला गेले. खोक्यावर हेल्मेटचं चित्र, लाल पट्ट्याचं, चांगल्यातलं, महागातलं. नाव एका मुलीचं. बेल वाजवली आणि दार उघडून बनियनवर हा उभा.

"बाय, तू?"

"पार्सल आहे. ओटीपी सांगा."

ओटीपी सांगितला. मग न विचारताच बोलायला लागला. "पोरीला गाडी घेतली. कॉलेजला जाते. सांगितला हायवेनं नको जाव, ऐकत न्हाय."

मी म्हटलं, "तुमच्याकडे तर ढीग आहे काका. त्यातलं एक द्यायचं होतं."

दारातच खाली बसून त्याने खोकं फोडलं. हेल्मेट काढलं, आत बोटं घालून अस्तर दाबून बघितलं. बक्कल लावलं आणि पट्टा दोन्ही हातांनी जोर लावून ओढला. पुन्हा ओढला. एवढ्या वर्षांत त्याला कुठलंही हेल्मेट असं बघताना मी पाहिलं नव्हतं.

"वाजवून घ्या ना," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. "वाजवून काय कलते बाय?"

जिना उतरताना माझं डोकं फिरलं होतं. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. तोवर मी त्याच्यावर चिडलेली होते. त्या दिवसापासून मला तो नकोसाच झाला, आणि तो पट्टा ओढणारे त्याचे हातही डोळ्यांपुढून जात नाहीत.

आता ती छत्री तिथे नाही. कुठे गेला, झेरॉक्सवाल्यालाही माहीत नाही. बोर्ड तेवढा भिंतीला उलटा टेकवून ठेवलाय. त्याची हेल्मेटं मात्र गावभर फिरतायत. सिग्नलला शेजारी एखादं दिसलं की मी हटकते, "भाऊ, पट्टा ओढून बघ." काही जण हसतात. त्यांच्याकडे बघून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालते.

परवा मानकोलीच्या नाक्यावर एक मुलगी स्कूटीवरून माझ्या पुढे येऊन थांबली. ट्रकच्या रांगेत, अगदी चाकाजवळ. डोक्यात लाल पट्ट्याचं हेल्मेट. तीच का दुसरी कोणी, काय माहीत. मी गाडी पुढे घेऊन तिच्या हनुवटीखाली बघितलं. बक्कल घट्ट लावलेलं होतं. सिग्नल सुटला, तिला पुढे जाऊ दिलं, आणि मग मी गिअर टाकला.