टेंब्यांचं सव्वातीन

श्रीकांत टेंब्यांना जर्मन येतं, हे सौदीतल्या जुबैलमध्ये ज्याला माहीत नाही तो मराठी माणूस कालच विमानातून उतरलेला असणार. कुणाच्या घरी पोहे खायला बसले, तरी टेंबे मध्येच घास थांबवून विचारात पडतात. पोह्यांना जर्मनमध्ये कोणतं लिंग द्यावं, हा विचार. एकदा त्यांनी "नपुंसकलिंगी घ्यावेत" असा निकाल दिला, तेव्हा यजमानीणबाईंना तो आपल्या पोह्यांवरचा शेरा वाटला आणि पुढचे दोन महिने टेंब्यांना त्या घरचं आमंत्रण नव्हतं.

पुण्यात कॉलेजात असताना सुरू केलेलं जर्मन त्यांनी सौदीत एकोणीस वर्षं लोणच्यासारखं जपलं. रोज पहाटे अर्धा तास जर्मन बातम्या. शब्दांच्या सात वह्या. बोलायला मात्र समोर कुणी नाही. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात जर्मन कुणाशी बोलणार? मग ती सगळी व्याकरणाची खुमखुमी बाहेर पडायची ती हनीफभाईंवर.

हनीफभाई कंपनीची व्हॅन चालवतात. मूळचे दाभोळचे. रोज सकाळी टेंबे गाडीत बसले की यांचा शिकवणीचा तास सुरू.

"काल रातचा काम झाला, सायब?"

"झालं. काम झालं. नपुंसकलिंग आहे ते, हनीफभाई!"

"आमच्या दाभोळात नपुंसकलिंग येतच नाय, सायब. खाडीच्या पल्याडच राह्यला."

"राहिलं!"

"हां, तोच."

ही शिकवणी विसाव्या वर्षीही चालू राहिली असती, पण गेल्या वर्षी टेंब्यांच्याच मुक्कामाची पंचाईत झाली. त्यांची जागा स्थानिक इंजिनिअरला द्यायची, असं कंपनीनं अदबीनं कळवलं. ती मिळणार होती अरवाला. अरवा ही सत्तावीस वर्षांची सौदी मुलगी, टेंब्यांनीच तीन वर्षं शिकवून तयार केलेली, हुशार आणि लाघवी. त्यामुळे टेंब्यांना धड रागावताही येईना. नोकरी गेली की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, गेला, आणि इकामा मार्चअखेर संपत होता. मुलगी नूपुर नववीत. दहावीच्या तोंडावर तिला उचलून पुण्याच्या शाळेत नेऊन बसवायचं, या कल्पनेनंच त्यांच्या पत्नीची, शीलाताईंची, झोप उडाली होती.

अशा वेळी देव धावून आला तो कॉम्प्रेसरच्या रूपानं. कारखान्यात नवा जर्मन कॉम्प्रेसर बसणार होता आणि तो बनवणाऱ्या कंपनीला जुबैलमध्ये कायमचा एक समन्वयक हवा होता. अट एकच: जर्मन उत्तम हवं. निवड करायची ती यंत्र बसवून सुरू करून देणाऱ्या त्यांच्या कमिशनिंग इंजिनिअरच्या शिफारशीवर.

टेंब्यांनी घरी पेढे आणले नाहीत एवढंच. "एकोणीस वर्षं मी उगाच वह्या भरल्या का?" असं ते शीलाताईंना चार वेळा म्हणाले.

इंजिनिअर आले. हेर, म्हणजे श्रीयुत, एबर्ले. साठीचे, लालबुंद, मिशाळ. टेंबे विमानतळावर त्यांचं स्वागत करणारं जे वाक्य बोलले, त्यात दोन गौण वाक्यं होती आणि क्रियापदं सगळी शेवटी हारीनं उभी होती. एबर्ल्यांनी मान कलती करून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग ते काहीतरी बोलले.

टेंब्यांना एक अक्षर कळलं नाही.

एबर्ले हे श्वाबियाचे. जर्मनीच्या नैर्ऋत्येला हा मुलूख आहे, आणि तिथले लोक जर्मन बोलतात असं जर्मन लोक म्हणतात. पुस्तकात जिथे 'इस्ट', तिथे यांचं 'इश'. पुस्तकातलं 'निश्त' यांच्या तोंडी 'नेट'. साधा भूतकाळ म्हणून जो टेंब्यांनी दोन वर्षं घोकला होता, तो त्या मुलखात कुणी वापरतच नाही. म्हणजे 'मी गेलो' असं कुणी म्हणायचंच नाही, जो तो आपला 'मी गेलेलो आहे'! दोनशे अनियमित क्रियापदं पाठ केलेला माणूस आणि समोर हा प्रकार. शिवाय प्रत्येक नामाला लाडानं 'ले' लावायचा. चाळीस टनांच्या त्या अजस्र धुडाला एबर्ले 'मशीनले' म्हणत. यंत्रुकलं!

आणि यांचा 'प' ऐकू येतो 'ब', 'त'चा 'द' होतो. दुसऱ्याच दिवशी वॉकीटॉकीवर एबर्ले ओरडले, "बोंब! बोंब!" टेंबे हातातलं टाकून धावत सुटले. मराठी माणसाला बोंब म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? धापा टाकत पोचले, तर एबर्ले शांतपणे पंपाकडे बोट दाखवत उभे. पुस्तकातला 'पुंप'. त्याला तेल घालायचं होतं.

"हा माणूस जर्मन नाहीच," टेंबे घरी येऊन म्हणाले. "तोतया आहे."

"पासपोर्ट बघितलात का?" शीलाताई.

"भाषेवरून कळतं!"

"मग त्याला तुमचं कळतं का?"

यावर टेंबे हात धुवायला गेले. एबर्ल्यांना टेंब्यांचं सगळं कळत होतं. फक्त ऐकताना त्यांचा चेहरा टीव्हीवरच्या बातम्या बघत असल्यासारखा व्हायचा.

तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, यंत्र पहिल्यांदा फिरवून बघायचं होतं. सकाळी एबर्ल्यांनी टेंब्यांना आणि जोर्दीला बोलावून वेळ सांगितली. हा जोर्दी बार्सिलोनाजवळच्या कुठल्याशा गावचा, तेलाच्या टाक्यांचं काम बघणारा, जर्मन कारखान्यांत फिरून फिरून थोडंफार जर्मन उचललेला. एबर्ले म्हणाले, "फियर्टेल द्राय."

शब्दशः 'पाव तीन'.

आता पाव आणि तीन म्हणजे किती? तुम्ही, मी, कुणीही सांगेल. सव्वातीन. टेंब्यांनी क्षणभरही विचार केला नाही. उलट आज पहिल्यांदा या माणसाचं बोलणं पहिल्या फटक्यात कळलं, याचाच त्यांना आनंद झाला. त्यांनी अरवाला कळवलं, तिनं कंट्रोल रूमला, आग विझवणाऱ्या पथकाला आणि परमिट देणाऱ्याला. सगळ्यांना सव्वातीन. परमिट चारपर्यंतचं होतं.

तीनला दहा कमी असताना टेंबे हनीफभाईंच्या व्हॅनमधून रुबाबात उतरले. उन्हात एबर्ले उभे होते. शेजारी जोर्दी. बाकी चिटपाखरू नाही. एबर्ल्यांचा रंग मुळात लाल. आता तो वांग्याकडे झुकला होता. सव्वादोनपासून ते तिथे उभे होते. ते जे काही बोलले त्यातलं टेंब्यांना पुन्हा काहीच कळलं नाही, पण या वेळी भाषांतराची गरज नव्हती.

माणसं गोळा होईस्तोवर साडेतीन झाले. चारला परमिट संपलं. चाचणी रविवारवर गेली.

"मिस्टर श्रीकांत, तुम्हीच सव्वातीन सांगितलं होतं ना?" अरवानं हळूच विचारलं. तिच्या आवाजात दोष नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

जोर्दीनं टेंब्यांना सावलीत नेलं, पाण्याची बाटली दिली आणि इंग्रजीत समजावलं. "तीन वाजायचे असतात तेव्हा तिसरा तास भरत येत असतो की नाही? तो पाव भरला की 'पाव तीन'. म्हणजे सव्वादोन. अर्धा भरला की 'अर्धे तीन'. पाऊण भरला की 'पाऊण तीन'. आमच्या कातालानमध्येही असंच. उन क्वार्त दे त्रेस. म्हणून तर मी वेळेवर आलो."

"पण स्पॅनिशमध्ये तर..."

"माद्रिदवाले 'दोन आणि पाव' म्हणतात. आमची भाषा वेगळी. माद्रिदचा माणूस असता तर तोही तुमच्यासारखा जेवून आरामात आला असता."

टेंबे बाटली हातात धरून बसून राहिले. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, हे त्यांना पहिल्या वर्गापासून ठाऊक होतं. ते पुस्तकात होतं. अर्ध्याचं कळलं, मग पावाचं का कळू नये? आणि जर्मनचं सोडा. आपलं अडीच तरी काय आहे? तिसरा तो अर्धा, असंच ना ते मूळचं संस्कृतातलं? आणि पाऊण तीन म्हणजे तर चक्क पावणेतीन! ही श्वाबी आणि कातालान मंडळी तीनपैकी दोन ठिकाणी मराठीच बोलत होती, आणि नेमकं तिसऱ्या ठिकाणी त्यांनी दगा दिला होता.

परतताना हनीफभाईंनी आरशातून बघितलं. "काय झाला, सायब?"

टेंब्यांनी दुरुस्ती केली नाही. हनीफभाईंनी गाडीचा वेग कमी केला. त्यांना वाटलं, घरून काही वाईट बातमी आली.

घरी मात्र बांध फुटला. "एकाच देशात राहता ना? मग एकच वेळ सांगा ना! हे काय, नदी ओलांडली की तासाचा फरक!"

नूपुरनं वहीतून मान वर केली. "बाबा, यू डू द सेम थिंग."

"मी?"

"तू म्हणतोस पावणेतीनला तयार रहा. मला कधीच कळत नाही, टू फॉर्टी-फाइव्ह की थ्री-फिफ्टीन. मी आईला विचारते. आणि सव्वाशे म्हणजे हंड्रेड अँड क्वार्टर नसतं. व्हाय?"

"चौदा वर्षांची झालीस तू!"

"सव्वाचौदा," शीलाताई म्हणाल्या. नूपुरनं वही डोक्यावर घेतली.

पण टेंबे हार मानणारे नव्हेत. इकामा मार्चअखेर संपत होता आणि शिफारस एबर्ल्यांच्या हातात होती. शुक्रवारी त्यांनी आठवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'बोंब - पंप.' पुढचे पाच आठवडे ते एबर्ल्यांच्या मागे सावलीसारखे फिरले. 'इश' म्हणू लागले. 'नेट' म्हणू लागले. दोनशे अनियमित क्रियापदांवर मनातल्या मनात पाणी सोडलं. चहाच्या कपालाही 'ले' लावू लागले. एबर्ले हळूहळू हसायला लागले, मग घरच्या गोष्टी सांगायला लागले, आणि जायच्या आदल्या दिवशी त्यांनी टेंब्यांच्या पाठीवर असा हात मारला की टेंब्यांचं हेल्मेट उडालं. शिफारस गेली. आता उरली होती फक्त मुख्य कार्यालयाची व्हिडिओवरची मुलाखत.

कार्यालय हॅनोवरला. हॅनोवर म्हणजे जर्मन भाषेचं पुणं. तिथल्या माणसाला आपण बोलतो तेच शुद्ध, याबद्दल जन्मापासून शंका नसते. मुलाखत घेणाऱ्या फ्राउ ल्यूडर्स या बाईंचा फोन आला. उद्या कधी सोयीचं? घड्याळ जुबैलचं धरू. टेंबे आता मुरलेले होते. ते झोकात म्हणाले, "फियर्टेल द्राय!"

पलीकडे पेन्सिलीची खरखर. मग "गूट," आणि फोन बंद. नंतर लिंक आली, तिच्यावर वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला टेंबे कोट-टाय घालून कॉम्प्युटरसमोर. समोर रिकामी चौकट. अडीच वाजले. पावणेतीन झाले. शीलाताईंनी तीनदा दारातून डोकावून पाहिलं. टेंब्यांनी फोन केला, तर पलीकडे मशीन अत्यंत शुद्ध जर्मनमध्ये बोललं आणि त्यातला शब्द न् शब्द त्यांना कळला, याचाच त्यांना संताप आला. तीनला त्यांनी टाय सैल केला. आता पुण्यातली शाळा, नूपुरची दहावी, बांधाबांध, सगळं त्या रिकाम्या चौकटीत दिसायला लागलं.

बरोबर सव्वातीनला फ्राउ ल्यूडर्स प्रसन्न मुद्रेनं उगवल्या.

टेंब्यांना पुढच्या क्षणी सगळं कळलं. हॅनोवरला 'पाव तीन' कुणी म्हणत नाही. बाईंनी त्याचा तोच हिशेब केला होता, जो त्या गुरुवारी टेंब्यांनी केला होता. इतके आठवडे राबून ते जिथून निघाले होते तिथे आता जर्मनी येऊन पोचली होती.

"मी एक तास इथे बसलेलो आहे," ते म्हणाले. साधा भूतकाळ आठवेचना. शिवाय 'इश' निसटलं आणि पाठोपाठ 'नेट'ही.

बाई कॅमेऱ्याकडे झुकल्या. मग विचारलं, "हेर टेंबे, हे जर्मन तुम्ही कुठे शिकलात?"

"जुबैलला," टेंबे हताशपणे म्हणाले.

त्या हसायला लागल्या त्या थांबेनात. त्यांचा नवरा श्वाबियाचा निघाला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि भेटायच्या वेळांवरून अकरा वर्षं भांडण चालू होतं. उरलेल्या मुलाखतीत त्यांनी कॉम्प्रेसरबद्दल दोन प्रश्न विचारले आणि नवऱ्याबद्दल नऊ.

करार आठ दिवसांनी आला. दोन वर्षांचा. इकाम्याची सोय झाली, नूपुरची दहावी जुबैललाच होणार हे ठरलं. शीलाताईंनी शिरा केला. टेंबे मात्र करारातलं सातवं कलम पुन्हा पुन्हा वाचत होते: 'समन्वयकाने सर्व वेळा केवळ आकड्यांत व लेखी कळवाव्यात.' एकोणीस वर्षांचा अभ्यास, आठ वह्या, दोन जर्मन भाषा, आणि मागणं काय, तर १४:१५ लिहा!

"नूपुरलासुद्धा आकड्यांतच सांगत जा," शीलाताई म्हणाल्या. ते त्यांना फारच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्हॅनमध्ये बसले. हनीफभाईंनी आरसा नीट केला. बातमी सगळ्या कारखान्याला कळली होती, पण त्यांना सायबांच्या तोंडून ऐकायची होती.

"सायब, काम झाला?"

"झाला, हनीफभाई," टेंबे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "झाला एकदाचा."

हनीफभाईंनी ब्रेकच दाबला. मागे वळून त्यांनी टेंब्यांच्या कपाळाकडे काळजीनं बघितलं.

"झालं म्हणा, सायब," ते म्हणाले. "झालं."