सासऱ्यांचं पांढरं ऑर्किड

सासऱ्यांचं ऑर्किड मी मारलं. इतक्या वर्षांत हे मी कुणापुढे असं सरळ बोलले नाही. ‘सडलं’, ‘लागलं नाही’ असं म्हणायचे, जणू ते आपण होऊनच सडलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेटावरच्या लालमती गावात सासरी येऊन मला चार वर्षं झाली होती. सासरे, म्हणजे आमचे बाबा, मी येण्याआधी साखर कारखान्याच्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. काम सोडताना तिथल्या मादामनं आपल्या पांढऱ्या ऑर्किडचा एक तुकडा त्यांना काढून दिला. आमच्याकडे झाडाएवढा नेचा होतो, त्याला फांजां म्हणतात. त्याच्या खोडाच्या फळीवर तारेनं बांधून ते रोप लिचीखाली टांगलेलं असे. पुढे मधुमेहानं बाबांची नजर पार गेली, तेव्हा ते त्यांनी माझ्या हवाली केलं.

“फार दिलो नको घालू गे,” ते म्हणाले. पाण्याला ते नेहमी क्रेओलातला दिलोच म्हणत. “आन् माती तर नायच.”

मी मान हलवली. आंधळ्या माणसापुढे मान हलवली, यावरूनच माझं लक्ष कुठे होतं ते कळावं.

आम्ही उसात वाढलेली माणसं. उघडी मुळं दिसली की आमचे हात शिवशिवतात, वर माती ओढल्याशिवाय चैन पडत नाही. आणि याची मुळं तर हवेत लोंबत होती. म्हाताऱ्याला आता काय कळतंय, असं मनाशी म्हणत मी ते तारेतून सोडवलं आणि रानातल्या चांगल्या मातीत शेणखत घालून लावलं. रोज सकाळी तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी त्याला. मोठं पुण्याचं काम चाललंय असंच वाटायचं मला! महिन्याभरात पानं पिवळी पडली, बुंधा पिकल्या पपईसारखा मऊ झाला. उपटलं तर हातात नुसता घाण वासाचा लगदा आला. उकिरड्यामागे पुरून टाकलं आणि हात तीनदा धुतले.

सांगायची हिंमत झाली नाही. लाँग माउंटन गावच्या मावशीकडून दुसरं आणलं, जांभळ्या फुलांचं, आणि त्याच फांजांवर बांधून त्याच जागी टांगलं. या खेपेला मावशी म्हणाली तसंच मुकाट्यानं केलं. आठवड्यातून दोनदा भिजवायचं, निथळू द्यायचं, वारा लागू द्यायचा, बाकी हात आवरायचे. हात आवरणं सगळ्यात कठीण गेलं.

दोनच दिवसांनी बाबांनी रोप जवळ आणायला सांगितलं. पानावरून बोटं फिरवली, एक पान चिमटीत धरून पाहिलं आणि “बेस हाय” म्हणाले. मी सुटले.

सुटले कसली! तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन रोपाची खबर द्यायची पाळी आली. मुळाला हिरवं टोक आलं, बाबा. नवीन पान निघालं, बाबा. मन खायचं, म्हणून मी जास्तच वेळ बसायचे, जास्तच रंगवून सांगायचे. मग तेही बंगल्यातल्या आठवणी काढत. पुढल्या वर्षी फुलं आली, जांभळी. “पांढरीशुभ्र आहेत, बाबा,” मी म्हणाले. जीभ कशी झडली नाही कोण जाणे.

आल्यागेल्याला ते सांगत, “माज्या सुनंनं जगवलं.” एका गणपतीत भरल्या घरात पुन्हा तेच कौतुक झालं आणि मला ऐकवेना. पाहुणे पांगल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं ओकून टाकलं. माती, तांब्या, उकिरडा, मावशी, फुलांचा रंगसुद्धा.

“मो कोने,” ते शांतपणे म्हणाले. “मला ठावं व्हतं. पात बोटाला लागली तवाच. माज्या झाडाचं पान जाड.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?”

“बोललो असतो, तर तू रोज सकाळची आली असतीस काय गे?”

रोपाची खबर द्यायची नसती, तर मी त्यांचं ताट उंबऱ्याशी ठेवून तशीच मागे फिरले असते. आधीची चार वर्षं मी तेच करत होते.