रादाबाईंबरोबर मॅनहॅटनला

जर्सी सिटीत पोचले तेव्हा हडसन नदीपलीकडच्या काचेच्या इमारती उन्हात लखलखत होत्या. प्रवासाचा शीण तिथेच उतरला. मी मात्र इमारती बघायला आले नव्हते. माझी लेक सुजाता पेन्शनच्या अर्थशास्त्राची अभ्यासक. पूर्व युरोपात समाजवादी राजवटी गेल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं काय झालं, हा तिचा विषय. विद्यापीठातली तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि त्याआधी मॅनहॅटनमध्ये तिचं भाषण होतं. ते ऐकायला मी नागपूरहून आले होते.

शेजारच्या घरात रादाबाई राहायच्या. मूळच्या बल्गेरियाच्या, तिकडे कापड कारखान्यात विणकर होत्या. आता मुलाकडे असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बनित्सा (चीज भरून भट्टीत भाजलेला पापुद्र्यांचा पदार्थ) आणून दिला. मी पाटवडी रस्सा (झणझणीत रश्श्यात बेसनाच्या वड्या) पाठवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण वाटी चाटूनपुसून परत आली.

"आमचा कारखाना बंद झाला," त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "तरुण परदेशी गेले. माझा मुलगाही. मग आमच्या पेन्शनसाठी पैसे भरणार कोण?"

माझीही लेक इथेच होती.

संध्याकाळी नदीकाठी फिरताना सुजाताने नीट समजावलं. आज कमावणाऱ्यांनी भरायचं, आजच्या म्हाताऱ्यांना मिळायचं, ही जुनी पद्धत. पण भरणारेच घटले. मग सरकारांनी निवृत्तीचं वय वाढवलं, प्रत्येकाच्या नावाने वेगळी खाती उघडली आणि काही देशांनी तर अडचणीत त्याच खात्यांतला पैसा पुन्हा स्वतःकडे ओढला.

"आई, चेंजेस तर करावेच लागतात. पण लोकांचा ट्रस्ट गेला की कुठलीच सिस्टिम टिकत नाही. आमच्या विभागाचे सर मात्र म्हणतात, हा भाग गाळ. हे इकॉनॉमिक्स नाही."

"मग, गाळणार?"

तिने बाकावर बसून भाषणाचे कागद उघडले.

भाषणाच्या दिवशी ती लवकर गेली. रादाबाई आणि मी मागून निघालो आणि गप्पांच्या नादात उलट्या दिशेच्या गाडीत बसलो! नदीखालचा बोगदा काही येईना. आलं ते नुअर्क, दुसऱ्या टोकाचं शहर. फलाटावरच्या एका बाईने आम्हाला परतीच्या गाडीत बसवून दिलं. धापा टाकत सभागृहात शिरलो तेव्हा भाषण संपत आलं होतं. पडद्यावर मुद्दा होता विश्वासाचा. तिने तो गाळला नव्हता.

पुढच्या रांगेतले एक वयस्क प्राध्यापक उठले. "हा भावनेचा नाही, हिशेबाचा प्रश्न आहे. आणि तुम्ही भारतातल्या. हे देश का निवडलेत?"

"हिशेब मलाही मान्य आहे," सुजाता शांतपणे म्हणाली. "निवृत्तीचं वय वाढवा, पण तरुणांना आधी सांगून, हळूहळू. ज्यांचं काम करून झालंय त्यांना दिलेला शब्द फिरवलात, तर उद्या तरुण पैसे भरायचेच टाळतील. मग हिशेब कुठून जुळणार? आणि निवडीचं म्हणाल तर माझी आजी सुभद्राबाई नागपूरच्या कापडगिरणीत कामाला होती. गिरणी बंद पडली, पेन्शन मिळालीच नाही. म्हातारपणी ती लोकांची धुणी धुवायची. म्हणून हा विषय."

माझ्या आईचं नाव त्या सभागृहात घुमलं. मी नकळत ताठ बसले. रादाबाई तर उभ्याच राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "करेक्ट!" आधी हशा पिकला, मग टाळ्या. प्राध्यापकांनीही हसून मान तुकवली.

मी निघायच्या आधीच सुजाताची नेमणूक पक्की झाली. नागपूरला भावाला फोन लावला. "जय भीम, ताई," म्हणाला, आणि सगळं ऐकल्यावर आईचं नाव घेतलं तो भाग त्याने पुन्हा सांगायला लावला.

अमेरिकेतलं बघण्यासारखं बहुतेक सगळं राहूनच गेलं. हळहळ वाटली नाही. परतीच्या विमानात शेजारच्या काकांनी विचारलं, "मुलगी आयटीत का?"

"नाही. म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागू नये, ती सोय टिकेल कशी, याचा अभ्यास करते."

काका माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "तिला म्हणावं, जरा आमच्याकडेही बघ."

"सांगते," मी म्हणाले. इतक्या रुबाबात मी आयुष्यात कुणाला शब्द दिला नव्हता.